पाइपलाइन स्टीलमध्ये यायचंय? आधी रोलिंग समजून घ्या

मेटलर्जी करून या फील्डमध्ये येणारे बरेच जण आधी स्ट्रेंथच्याच मागे लागतात. एक्स७० (पाइपलाइन स्टीलची एक ग्रेड) म्हणजे किमान यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं तो) ७०,००० पीएसआय, साधारण ४८५ मेगापास्कल, एक्स८० म्हणजे ५५५, एवढं पाठ झालं की वाटतं आता कार्बन वाढवला की झालं काम. नाही होत. कार्बन वाढला की वेल्डिंगची बोंब, टफनेसही (तडा न जाता धक्का सोसायची क्षमता) घसरतो, म्हणून हल्ली या ग्रेड्समध्ये कार्बन बहुतेक वेळा ०.१ टक्क्याच्या खालीच ठेवतात आणि ताकद मुख्यतः बारीक ग्रेनमधून (ग्रेन म्हणजे स्टीलमधले स्फटिकाचे कण) काढतात. ग्रेन बारीक केला की स्ट्रेंथ नि टफनेस दोन्ही वाढतात, बाकीच्या उपायांत एक कमवायला गेलं की दुसरं थोडं जातंच.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला रोलिंग शेड्यूलमध्ये (कुठल्या तापमानाला किती लाटायचं याचा आराखडा), आणि तो पुरेपूर वसूल झाला. ग्रेन बारीक ठेवायला घालतात ते नायोबियम असतं टक्क्याच्या काही शतांश, पण स्लॅब (ज्यातून प्लेट लाटतात तो जाड ठोकळा) ११५०-१२०० डिग्रीच्या आसपास तापवून ते नीट विरघळवलं नाही तर घालून न घातल्यासारखंच. मग रफिंग, म्हणजे सुरुवातीची लाटणी, आणि त्यानंतर प्लेट चक्क थांबवून ठेवतात, कारण फिनिशिंग, म्हणजे शेवटची लाटणी, अशा तापमानाला करायचं असतं की ऑस्टेनाइटचे (तापलेल्या स्टीलच्या रचनेचे) ग्रेन परत नव्याने बनू नयेत, नुसते चपटे व्हावेत. लगेच पाण्याने झपाट्याने थंड केलं की त्यातून बारीक अ‍ॅसिक्युलर फेराइट नाहीतर बेनाइट (थंड झालेल्या स्टीलच्या मजबूत रचना) मिळतं. प्रॉडक्शनवाल्यांना तो होल्ड डोळ्यात खुपतो (मिल अडून राहते ना!), त्यामुळे शेड्यूल कागदावर लिहून मोकळं होऊ नका, मिलवर जाऊन उभे राहा.

टेस्टिंगमध्ये नवीन माणूस हमखास गोंधळतो ते इथे: प्लेटचं यील्ड मस्त येतं, पण त्याच प्लेटच्या पाइपमधून आडवा तुकडा कापून, सपाट करून ओढला की कमी भरतं. लॅबला शिव्या देऊ नका, तो बाउशिंगर इफेक्ट. एकदा उलट्या दिशेने वाकवलेलं स्टील लवकर यील्ड होतं, म्हणून प्लेटमध्येच थोडं मार्जिन ठेवायचं.

सावर सर्व्हिस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडवाला गॅस असेल तर खेळच वेगळा. तिथे स्लॅबच्या मध्यभागी साचलेलं मँगनीज आणि लांबट सल्फाइड घात करतात, तिथूनच हायड्रोजनचे क्रॅक सुरू होतात. सल्फर अगदी कमी, कॅल्शियम ट्रीटमेंट (सल्फाइड लांबट न होता गोल राहावेत म्हणून), कडकपणा साधारण २५० व्हिकर्सच्या आत, आणि वर ९६ तासांची एचआयसी टेस्ट (हायड्रोजनने क्रॅक जातात का ते बघणारी). यातलं निम्मं काम रोलिंगच्या आधी, स्टील मेल्टिंग आणि कास्टिंगलाच झालेलं असतं, त्यामुळे जमलं तर सुरुवातीचे काही महिने तिकडेच मागून घ्या.