टोमॅटो-आंबे घरी कसे पिकवायचे, आणि द्राक्षं का पिकत नाहीत

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, सगळी फळं काढल्यावर पिकत नाहीत. टोमॅटो, आंबा, केळी, चिकू, पपई घरी पिकतात. द्राक्ष, डाळिंब, संत्रं, स्ट्रॉबेरी नाही म्हणजे नाहीच.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडचं, द्राक्षाच्या बागेतच वाढले, तरी आमच्या जाऊबाईंनी मागच्या सीझनला लवकर आलेली आंबट द्राक्षं पेपरात गुंडाळून केळ्यांबरोबर ठेवली ते मला चार दिवसांनी कळलं. उघडून बघितलं तर घडाचे देठ वाळून तपकिरी, हात लावला की मणी गळतायत आणि चव तितकीच आंबट. कारण सोपं आहे, केळ्यात आंब्यात स्टार्च साठवलेलं असतं आणि त्याची साखर नंतरही होते, द्राक्षात तसा साठाच नाही, साखर पानात तयार होऊन वेलीतून मण्यात येते, घड कापला की पुरवठा बंद. पिकायचा इशारा देणारं हार्मोनसुद्धा वेगळं, टोमॅटो-आंब्यात इथिलीन नावाचा गॅस, द्राक्षात मुख्यतः एबीए, म्हणजे अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड. आपण मण्यात पाणी उतरलं म्हणतो ना, म्हणजे मणी मऊ होऊन गोड व्हायला लागतो, तेव्हा हे एबीए वाढतं. म्हणून द्राक्षं घेताना घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी खाऊन बघा, तो सहसा सगळ्यात शेवटी गोड होतो, तो गोड तर घड गोड.

आता टोमॅटो. पिंपळगावच्या मार्केटमधून स्वस्तात हिरव्या टोमॅटोची जाळी म्हणजे क्रेट आणली तर आधी एक टोमॅटो आडवा कापा. बिया सुरीखाली कापल्या गेल्या तर माल कोवळा आहे, तो नीट पिकणार नाही, चटणी-भाजी करून टाका. बिया बुळबुळीत गरात सरकून बाजूला झाल्या तर निबर झालाय, पिकणार. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात पेपर अंथरून एकच थर लावा, देठाची बाजू खाली, मध्ये एक-दोन पिकलेली केळी ठेवा आणि वरून पेपर झाका. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, फळाला श्वास लागतो आणि आत पाणी सुटलं की बुरशी धरते. रोज बघायचं. बुडाला तांबूस छटा आली की केळी काढून घ्या, आता टोमॅटो स्वतःच इथिलीन सोडतो आणि त्या इथिलीनने अजून इथिलीन तयार होतं, आपल्याला काही करावं लागत नाही.

टेम्परेचर 20 ते 25 अंश सगळ्यात चांगलं. मे महिन्यात गच्चीवर किंवा खिडकीत उन्हात ठेवलेले टोमॅटो पिवळट-केशरीच राहतात, कारण 30 च्या वर लाल रंगाचं लायकोपीन नीट बनत नाही, तेव्हा आतल्या खोलीत खाली फरशीवर ठेवा. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा ओट्यावर ठेवू नका, फ्रीजमध्ये तर हिरवा टोमॅटो कधीच नको, गारठला की नंतर रंग आणि चव दोन्ही धड येत नाही.

एवढं करूनही चव कमी वाटली तर त्यात दरवेळी तुमची चूक नसते, जीनचा म्हणजे जनुकाचाही भाग असतो. टोमॅटोत रिन नावाचा जीन पिकण्याची सगळी गाडी सुरू करतो. त्याची बिघडलेली एक प्रत संकरित जातीत आणली की फळ हळू पिकतं, लांब ट्रकने जातं, पण वास आणि चव कमी होते. घरी खायला परसात लावायचे असतील तर मी गावठीच लावा म्हणेन.

रोगाचं गणितही पिकण्याशीच जोडलेलं आहे. हिरव्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचं द्रव्य असतं, ते बुरशीला आवरतं, पिकताना ते कमी होतं आणि साल-गर मऊ होतात, म्हणजे बुरशीला दार उघडं. आंब्यावरचा करपा हा बुरशीचा रोग तर हिरव्या फळावर गपचूप बसून असतो आणि पिकल्यावर काळे डाग दिसतात. एका नासक्या आंब्याने आढी नासते म्हणतात ते अगदी खरं आहे, चिरलेलं फळ जास्त इथिलीन सोडतं, शेजारचे घाईने पिकतात आणि बुरशीही पसरते. म्हणून क्रेटच्या कडेने चीर पडलेला टोमॅटो, देठाजवळ ओला झालेला आंबा आढी घालायच्या आधीच बाजूला काढा, आणि दोन दिवसात खाल तेवढंच पिकवायला ठेवा. कार्बाइडची पुडी कोणी दिली तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे आणि त्यात आर्सेनिक-फॉस्फरसचा अंश असतो.

द्राक्ष बागवाल्यांसाठी थोडं. डाऊनी, भुरी हे वेलीवरचे रोग जिवंत पेशीवर जगतात, त्यांच्याविरुद्ध वेल मुख्यतः सॅलिसिलिक अ‍ॅसिडने लढते, आणि पेशी मारून खाणाऱ्या बोट्रायटिससारख्या बुरशीला जास्मोनिक अ‍ॅसिड आणि इथिलीनने. ही वेलीची स्वतःची बचावाची हार्मोन्स, बऱ्याचदा एक वाढलं की दुसरं दबतं, त्यामुळे एकच टॉनिक सगळ्या रोगांवर चालतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. थॉमसन या द्राक्षाच्या जातीत डाऊनीला अडवणारे जीन नाहीत, ते अमेरिकेतल्या रानटी वेलींत आहेत, म्हणून गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर, पाऊस आला की फवारणीला पर्याय नाही. मात्र पोपटी अवस्थेत, म्हणजे घड कोवळा पोपटी असताना, जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड हे वाढीचं हार्मोन) बरोबर बसलं तर घड लांबतो, मोकळा होतो, आत हवा खेळते आणि कुज कमी होते. 10 पीपीएम म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 ग्रॅम, पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात टाका, थेट टाकली तर नीट विरघळत नाही.