आयरिश पूर्वजांचा माग: आधी वस्ती शोधा, मग माणूस

अमेरिकेतल्या जुन्या कागदावर जन्मस्थान म्हणून नुसतं 'आयर्लंड' लिहिलेलं असतं. तेवढ्या आधारावर बरेच जण थेट डब्लिनच्या नोंदींमध्ये 'पॅट्रिक मर्फी' शोधायला जातात. मर्फी हे आयर्लंडमधलं सर्वाधिक आढळणारं आडनाव, आणि पॅट्रिक घरोघरी. समोर शेकडो पॅट्रिक येतात, त्यांतला वयाला जुळणारा एखादा 'आपला' वाटतो आणि तिथून पुढची सगळी वंशावळ परक्या कुटुंबाची होते.

आयरिश शोधाची खरी किल्ली टाऊनलँड ही आहे. आपल्याकडच्या वाडीसारखा हा जमिनीचा सर्वांत लहान नाव असलेला तुकडा असतो. देशात असे साठ हजारांहून जास्त टाऊनलँड आहेत. काही मिळून सिव्हिल पॅरिश (सरकारी विभाग) होतो आणि त्यावर काउंटी (जिल्हा) असते. टाऊनलँड, निदान पॅरिश, हाती लागेपर्यंत आयर्लंडच्या नोंदी उघडू नका.

पहिली पायरी: ज्या देशात गेले, तिथले कागद संपवा

सुरुवात घरातून करा. मृत्यूनंतर वाटलेली प्रार्थनापत्रं, बायबलच्या कोऱ्या पानांवरच्या जन्मतारखा, पत्रांवरचे टपाल शिक्के, फोटोमागचं स्टुडिओचं नाव हे सगळं बघा. वडीलधाऱ्यांना विचारताना गावाचं नाव जसं ऐकू येईल तसंच लिहून घ्या, आपल्या मनाने सुधारू नका. एक खबरदारी घ्या. 'आमचे लोक कॉर्कचे' ही आठवण पुष्कळ घरांत असते, पण जहाज कॉर्कच्या बंदरातून सुटलं एवढाच तिचा अर्थ असू शकतो.

मग सरकारी कागद. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष मिळतं, शिवाय देशात आल्याचं वर्षही मिळतं. १८९० ची जनगणना जवळजवळ पूर्ण नष्ट झाली आहे, ती शोधण्यात वेळ घालवू नका. नागरिकत्वाचे अर्ज सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर त्यांत जन्मतारीख आणि जन्मगाव असतं. त्याआधीच्या अर्जांत बहुधा देशाचंच नाव असतं. जहाजांच्या जुन्या याद्यांचंही तसंच. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे नव्याने येणाऱ्यांची तपासणी होई, अधिकाऱ्यांनी नावं बदलली ही गोष्ट मात्र विसरून जा. याद्या जहाज सुटतानाच तयार व्हायच्या. स्पेलिंग बदललं ते पुढे, माणसाने स्वतः किंवा लिहून घेणाऱ्या कारकुनाने.

टाऊनलँड मिळण्याची शक्यता तीन ठिकाणी जास्त असते. पहिलं म्हणजे कॅथलिक कबरस्तानातले दगड, ज्यांवर 'अमुक पॅरिश, तमुक काउंटी' असं कोरलेलं आढळतं. दुसरं, बोस्टनचं 'पायलट' वृत्तपत्र. १८३१ पासून १९२१ पर्यंत त्यात हरवलेल्या नातलगांना शोधणाऱ्या जाहिराती छापल्या जात होत्या, आणि त्यांत मूळ पॅरिशचं नाव बहुतेकदा असे. तिसरं, न्यूयॉर्कची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक, स्थापना १८५०. खातेदाराची ओळख पटवण्यासाठी बँक त्याचं जन्मगाव, आईवडिलांची नावं, आला ते जहाज असं सगळं वहीत उतरवून घ्यायची. या वह्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. कुटुंब ऑस्ट्रेलियात गेलं असेल तर काम बरंच सोपं होतं, कारण तिथल्या व्हिक्टोरिया प्रांताच्या मृत्युदाखल्यात १८५३ पासून आईवडिलांची नावं विचारली जात होती.

आपल्या माणसाचा धागा तुटला तर त्याच्या भावंडांचे, लग्नातल्या साक्षीदारांचे, शेजाऱ्यांचे कागद काढा. एकाच पॅरिशची माणसं परदेशातही एकाच गल्लीत राहत. त्यांपैकी ज्याचं नाव सर्वांत दुर्मीळ, त्याच्यापासून सुरुवात करा.

दुसरी पायरी: काय जळलं, काय उरलं

'आयर्लंडच्या नोंदी सगळ्या जळाल्या' हे ऐकून कित्येकांनी शोध सोडला आहे. हे अर्धसत्य आहे. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातलं अभिलेखागार जळालं. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळपास सगळ्या गेल्या, प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या गेल्या, मृत्युपत्रंही गेली. १८६१ आणि १८७१ च्या जनगणना सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, तर १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. पण कॅथलिक चर्चच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्या. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणीही तिथे नव्हती. स्थलांतर केलेले बहुसंख्य लोक कॅथलिक होते, हे लक्षात घेतलं तर हातात बरंच काही उरतं. जळलेल्या कागदांच्या इतरत्र सापडलेल्या नकला एकत्र करणारा 'व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी' हा मोफत संग्रहही २०२२ पासून खुला आहे.

तिसरी पायरी: सरकारी नोंदणी आणि जनगणना

१ जानेवारी १८६४ पासून सर्वांचे जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवले जाऊ लागले. कॅथलिकांखेरीज इतरांचे विवाह १८४५ पासूनच नोंदले जात होते. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू यांची मूळ पानं आयरिश सरकारच्या वंशावळ संकेतस्थळावर फुकट दिसतात. जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, विवाहनोंदीत दोघांच्या वडिलांची नावं असतात. मृत्यूच्या नोंदीत मात्र आईवडील नसतात, त्यामुळे एकाच नावाची दोन माणसं सहज मिसळतात.

इथे एक घोटाळा ठरलेला आहे. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची निघते. जन्म उशिरा नोंदवला तर दंड होता, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलून सांगत. दोन्हींमध्ये बाप्तिस्म्याची तारीख खरी धरा.

१९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण उरल्या आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आपला माणूस १८८० साली गेला असला तरी त्या बघाच, कारण मागे राहिलेले आईबाप किंवा भाऊ त्याच घरात सापडतात. १९११ मध्ये विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि हयात किती, हेही विचारलं होतं. परदेशी गेलेल्यांची मोजणी जुळवायला हा रकाना फार कामाचा आहे. वयावर मात्र विसंबू नका. १९०१ मध्ये पंचावन्नचा माणूस १९११ मध्ये सत्तरचा झालेला दिसेल. जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती!

चौथी पायरी: चर्चच्या वह्या

१८६४ च्या मागे जायचं तर नॅशनल लायब्ररीने ऑनलाइन ठेवलेल्या कॅथलिक नोंदवह्या हाच मुख्य आधार. त्या साधारण १८८० पर्यंतच्या आहेत. शहरांत त्या अठराव्या शतकापासून मिळतात, पश्चिमेकडच्या गरीब भागांत बऱ्याचदा १८२० नंतरच. नकाशावरून पॅरिश निवडायचा आणि पान न् पान वाचायचं. कॅथलिक पॅरिश (चर्चचा विभाग) आणि सिव्हिल पॅरिश यांच्या हद्दी वेगळ्या असतात, कित्येकदा नावंही वेगळी असतात. दोन्हींची नोंद ठेवा.

नावं लॅटिनमध्ये असू शकतात: याकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, ब्रिगिडा म्हणजे ब्रिजेट. हीच ब्रिजेट अमेरिकेत डिलिया होते, आणि होनोरा ही नोरा किंवा हॅना. आडनावापुढचं 'ओ' किंवा 'मॅक' पिढीपिढीत गळतं आणि परत लागतं, म्हणून दोन्ही प्रकारे शोधा. महिन्याच्या जागी '७बर' दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. '८बर' म्हणजे ऑक्टोबर. आपल्या सप्त आणि अष्टशी नातं सांगणारे हे लॅटिन आकडे आहेत, हे ध्यानात ठेवलं की चूक होत नाही.

बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं कधीही वगळू नका, ते बहुधा काका, मामा किंवा मावशी असतात. लग्न नवरीच्या पॅरिशमध्ये होई, म्हणून नवऱ्याच्या गावी विवाह सापडला नाही तर शेजारचे पॅरिश बघा. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव देण्याची पद्धत होती. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या मराठी घरांना ती ओळखीची वाटेल. पण तो पुरावा नाही, फक्त दिशा आहे.

पाचवी पायरी: जमीन

१८४७ ते १८६४ दरम्यान झालेलं ग्रिफिथ मूल्यांकन म्हणजे घर किंवा जमीन ताब्यात असलेल्यांची टाऊनलँडनिहाय यादी. त्याआधीची १८२३ ते १८३७ मधली टाइद (चर्चसाठी शेतीवर घेतला जाणारा कर) आकारणीची पुस्तकंही आहेत. दोन्ही मोफत आहेत. ग्रिफिथमध्ये फक्त कुटुंबप्रमुख असतो, मुलंबाळं नाहीत. 'घर, ऑफिस आणि जमीन' असं वाचून पूर्वजाचं कार्यालय होतं असं समजू नका, ऑफिस म्हणजे गोठा किंवा कोठार. एकाच टाऊनलँडमध्ये दोन जॉन सुलिव्हन असले, तर कारकून त्यांच्यापुढे कंसात बापाचं नाव लिही. मराठी माणसाच्या नावात बाप कायमच असतो; आयरिश कागदात तो असा अपघाताने मिळतो, आणि एका फटक्यात एक पिढी मागे नेतो.

पूर्वज सैनिक असेल तर

हा धागा थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश मोठ्या संख्येने होते, आणि कंपनीच्या जुन्या बॉम्बे फ्युजिलिअर्सचीच पुढे १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी यांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन ३' या मालिकेत आहेत. ब्रिटिश सैन्यातून पेन्शन घेऊन निघालेल्यांचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ ९७' खाली मिळतात. त्यांत जन्माचा पॅरिश, जवळचं शहर आणि काउंटी असते. घरात इतर काहीच उरलं नसेल, तर ही एक ओळ पुरते.

टाऊनलँड मिळाल्यावर

ग्रिफिथनंतर त्या जमिनीचं काय झालं ते मूल्यांकनाच्या फेरनोंद वह्यांमध्ये बघा. एका कब्जेदाराचं नाव खोडून पुढच्याचं लिहिलेलं असतं, शेजारी वर्ष असतं, आणि शाईचा रंग बदलत जातो. आपल्याकडच्या फेरफाराची सवय असलेल्याला त्या लगेच वाचता येतील. उत्तर आयर्लंडच्या वह्या बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत, उरलेल्यांसाठी डब्लिनच्या मूल्यांकन कार्यालयाकडे (२०२३ पासून ते टाल्टे एरन या सरकारी संस्थेचा भाग आहे) जावं लागतं. बापाच्या नावावर काट बसून मुलाचं नाव आलं, त्या वर्षाच्या मागेपुढे दोन वर्षांत बापाचा मृत्यू शोधा. शेवटचं नाव आजच्या शेतमालकाच्या आडनावाशी जुळलं, तर जायच्या आधी पत्र लिहा आणि ग्रिफिथच्या नकाशाची छापील प्रत त्यासोबत पाठवा.