घरगुती आरोग्य उपकरणांच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा किंवा हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणे) यांसारख्या आजारांत डॉक्टरांची गाठ वर्षातून मोजक्या वेळा पडते. उरलेले सगळे दिवस रुग्ण आणि त्याच्या घरची माणसे आपल्या बळावर निभावतात. त्या दिवसांत उपयोगी पडेल असे उपकरण किंवा अ‍ॅप घडवणे हे आमचे काम. मी या क्षेत्रात इलेक्ट्रॉनिक्सकडून आले, माझे सहकारी परिचर्या, औषधनिर्माण, संगणकशास्त्र आणि डिझाइन अशा निरनिराळ्या वाटांनी आले, आणि कोणाचीच वाट चुकीची ठरली नाही. नव्या माणसाचा ओढा मात्र बहुधा सेन्सरकडे असतो. अचूक मोजमाप हवेच. पण आकडा दिसल्यानंतर माणूस काय करतो, आणि त्याच्या पाठीशी कोण असते, यावर आमचे बहुतेक प्रकल्प तरतात किंवा बुडतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. घरगुती स्वयंचलित यंत्र दंडावरच्या पट्ट्यात धमनीच्या ठोक्यांमुळे उमटणारी सूक्ष्म स्पंदने टिपते आणि त्यांवरून रक्तदाबाचे आकडे काढते. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तर आकडा वाढीव येतो, हात खाली लोंबकळत असेल तरी वाढतो, आणि मोजताना बोलल्यानेही वाढतो. म्हणून पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीत आधारावर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात असे सांगितले जाते. आता एखाद्याच्या घरी जाऊन बघा. माणूस खोल सोफ्यावर बसलेला असतो, यंत्र गुडघ्याएवढ्या उंचीच्या टेबलावर असते, टीव्ही चालू असतो आणि कोणीतरी त्याच्याशी बोलत असते. प्रयोगशाळेत कितीही काटेकोर ठरलेले यंत्र इथे दिशाभूल करू शकते, आणि त्यावरचा इलाज सर्किटमध्ये नसून पट्ट्याच्या मापात, पडद्यावरच्या एका स्पष्ट सूचनेत आणि हात ठेवण्याच्या आधारात असतो. शिवाय प्रचलित निकषानुसार उच्च रक्तदाबाची मर्यादा दवाखान्यात 140/90 धरली जाते, तर घरच्या सरासरीसाठी अनेक मार्गदर्शक सूचना 135/85 धरतात. हा फरक माहीत नसलेला प्रोग्रामर दवाखान्याचाच आकडा अ‍ॅपमध्ये बसवतो आणि कित्येकांना खोटा दिलासा देऊन जातो.

एका वयस्कर बाईंची वही मला पाहायला मिळाली होती. आकडे नीट ओळीत लिहिलेले होते, पण माझे लक्ष गेले ते समासाकडे. तिथे ‘रात्री झोप नाही’, ‘गोळी दुपारी घेतली’, ‘पाय सुजले’ असे बारीक अक्षरांत लिहिले होते. आमच्या अ‍ॅपमध्ये त्या समासाला जागाच नव्हती. त्यांच्या डॉक्टरांनी वही चाळताना आधी समास वाचला, मग आकडे. तेव्हापासून कोणत्याही नव्या आराखड्यात मी प्रथम हेच शोधते, की रुग्णाला स्वतःच्या शब्दांत चार शब्द कुठे लिहिता किंवा बोलता येतील.

पाठबळाचा मुद्दा समजून घ्यायचा असेल तर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरचे दोन मोठे अभ्यास मुळातून वाचावेत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेली-एचएफ या अमेरिकेतील अभ्यासात 1653 रुग्ण होते. त्यांतील एका गटाने रोज स्वयंचलित दूरध्वनी प्रणालीवर लक्षणे आणि वजन कळवायचे होते. पुन्हा रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. त्या गटातील सुमारे 14 टक्के लोकांनी प्रणाली एकदाही वापरली नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून किमान तीनदा वापरणारे 55 टक्केच उरले होते. जर्मनीतील टीआयएम-एचएफ 2 या 2018 मधील अभ्यासात मात्र रोजच्या नोंदींमागे चोवीस तास डॉक्टर व परिचारिका असलेले केंद्र होते, आणि तिथे हृदयविकारामुळे अचानक रुग्णालयात जावे लागून किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस कमी झाले. दोन्हींतील रुग्णांची निवड वेगळी होती, उपकरणेही वेगळी होती, त्यामुळे सारे श्रेय एकाच गोष्टीला देता येणार नाही. तरीही तंत्रज्ञानाइतकाच विचार पलीकडच्या माणसांचा करायला हवा, हे शिकायला मला यांहून चांगला धडा सापडलेला नाही.

इशाऱ्यांच्या बाबतीत विशेष जपावे लागते. हार्ट फेल्युअरमध्ये तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन वाढले तर शरीरात पाणी साठत असण्याची शक्यता असते, आणि ही खूण रुग्णाला ठाऊक असायलाच हवी. पण प्रत्येक लहानसहान चढउतारावर फोन वाजू लागला की लोक तो बंद करून टाकतात, आणि मग खरा इशाराही कानांवर पडत नाही. दम्यात जोरात श्वास सोडतानाच्या सर्वोच्च वेगावर आधारलेली हिरवा, पिवळा, लाल अशी आखणी मला आवडते, कारण तिच्यात रंगाबरोबर करायची कृती डॉक्टरांशी बोलून आधीच लिहिलेली असते. इशाऱ्याची मर्यादा ठरवण्याआधी त्यापुढची कृती लिहून काढावी. ती लिहिता येत नसेल तर तो इशारा अजून तयार झालेला नाही. नोंदी घरातल्या कोणी पाहाव्यात, हेही रुग्णालाच ठरवू द्यावे. मुलाला आपली साखर रोज दिसू नये असे वाटणाऱ्या माणसाच्या इच्छेला मान द्यायला हवा.

प्रोग्रामिंगची भाषा कोणती शिकावी, असे अनेक जण विचारतात. ती कामावर शिकता येते. त्याऐवजी जोखीम व्यवस्थापनाचे आयएसओ 14971, वापरसुलभतेचे आयईसी 62366-1 आणि घरी वापरायच्या विद्युत वैद्यकीय उपकरणांचे आयईसी 60601-1-11 ही आंतरराष्ट्रीय मानके लवकर हाताळावीत. ती रुक्ष वाटतात, पण थरथरत्या हातांचा, अंधूक नजरेचा, पडलेल्या यंत्राचा विचार ती तुम्हाला करायला लावतात. शक्य असेल तर दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांना शिकवणाऱ्या परिचारिकेसोबत काही दिवस नुसते बसावे आणि ऐकावे.

नोकरीच्या मुलाखतीत तुम्हालाही प्रश्न विचारता येतो. मी उमेदवारांना सुचवते की धोक्याची नोंद मध्यरात्री आली तर ती कोण पाहते आणि त्यानंतर काय करते, हे कंपनीला जरूर विचारावे. नेमके उत्तर देणाऱ्या कंपनीत शिकायला भरपूर मिळते. ज्यांना तो प्रश्न प्रथमच ऐकल्यासारखा वाटतो, त्यांच्याकडे रुजू व्हायचे असेल तर त्याचे उत्तर शोधण्याचे काम तुम्हाला मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे.