पिल्लांची पेटी घरी येतेय? या चुका टाळा

हॅचरीवाला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणारा, फोन करतो, "तुमची पिल्लं गाडीत टाकली." मग आपण खाली पसरायचं तूस आणायला निघतो. खान्देशात गिरिराज, वनराज नाहीतर कडकनाथ जातीच्या कोंबड्या नव्याने पाळायला घेणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. माझीही झाली. साक्री तालुक्यातल्या आमच्या मळ्यात जानेवारीत शंभर पिल्लांची पहिली पेटी आली, तेव्हा मी बल्बसाठी वायर शोधत होतो. पेटी तोवर ओट्यावर, गार वाऱ्यात. सकाळपर्यंत अकरा पिल्लं गेली. एवढा प्रवास करून ती धडधाकट आली होती आणि माझ्या ओट्यावर मेली. ते अजून सलतं.

पिल्लू प्रवासात तगतं कसं, हे कळलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. अंड्यातून बाहेर पडण्याआधी उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेतं. ही शिदोरी साधारण ४८ ते ७२ तास पुरते. खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. आधी निघालेलं पिल्लू भावंडांची वाट बघत दीड-दोन दिवस आईच्या पोटाखाली बसून राहतं, तेव्हा हाच बलक कामी येतो. पेटीतला प्रवासही त्याच्याच जोरावर होतो.

पण तास मोजताना लोक चुकतात. हॅचरीतल्या अंडी उबवायच्या मशीनमध्येही २१व्या दिवसाच्या आसपास अंडी मागेपुढे फुटतात. पुढे निवड, मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस, पेट्या भरणं. गाडी सुटते तेव्हा काही पिल्लांचा एक दिवस आधीच खर्ची पडलेला असतो. त्यामुळे गाडी कधी सुटली एवढंच विचारू नका. पिल्लं मशीनमधून कधी काढली, तेही विचारा. आणि बलक आहे म्हणून पाण्यावाचून चालेल, असं समजू नका. उन्हाळ्यात ती आतून सुकतात. पायाची कातडी कोरडी, सुरकुतलेली दिसली तर पिल्लू तहानेलं आहे.

शंभराच्या पेटीत पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असतात. अंगाला अंग लागून ती ऊब धरतात. हिवाळ्यात तारणारी हीच दाटी मे महिन्यात जीव घेते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा पिल्लं रात्रीच आणावीत. पेटी डिकीत कोंबू नका, एसटीच्या टपावर टाकू नका, भोकांवर ताडपत्री ओढू नका. दोन पेट्या एकीवर एक ठेवायच्या तर मध्ये पट्ट्या टाका, हवा खेळू द्या. थंडीत मोटरसायकलवर आणणं मात्र टाळाच.

पेटी येण्याआधी

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी बल्बची जागा, आदल्या दिवशीच पेटवा. वरची हवा तासाभरात तापते, खालचं तूस तापायला वेळ लागतो, आणि पिल्लू उभं असतं तुसावर. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस हवं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवा. पिल्लामागे दोन वॅट धरले तर शंभर पिल्लांना साठ-साठचे तीन-चार बल्ब लागतात. भोवती गोल चिक गार्ड, म्हणजे पिल्लांना आत ठेवणारं कडं, लावा. चौकोनी खोलीत पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. कडेला पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर वारा कुठून येतोय ते बघा.

लाईट जाणार हे धरूनच चाला. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून आत ठेवल्या तर ऊब टिकते. कोळशाची शेगडी बंद खोलीत मुळीच ठेवू नका. तिच्या धुराला वास नसला तरी तो मारतो, पिल्लांना आणि राखण करणाऱ्यालाही.

पेटी उघडल्यावर

"पहिले पानी, मंग दाना," असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, ते खरंच आहे. मोजता मोजता प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा. नाकपुड्या बुडू देऊ नका. पाणी कोमट हवं. फ्रिजचं किंवा बोअरचं थेट गार पाणी नको. लिटरला ५० ग्रॅम गूळ पहिला अर्धा दिवस पुरे. त्यापुढे गूळ दिला की हगवण लागते. पसरट थाळीत पाणी ठेवलं तर त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लू भिजून गारठतं किंवा बुडतं.

तास-दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरा. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. पन्हाळीचं पुठ्ठं चांगलं.

पहिल्याच दिवशी पाण्यात अँटिबायोटिक ओतू नका. औषध आणि पुढच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा. बुडाला विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर ओढू नका. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढा, कोरडं करून मग बल्बखाली सोडा.

नवी पिल्लं जुन्या कोंबड्यांत मिसळू नका. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. एकदम मर सुरू झाली तर मेलेली पिल्लं नाल्यात न फेकता दवाखान्यात कळवा.

रात्री निजण्याआधी दहा-बारा पिल्लं हातात घ्या. गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली, मऊ लागली तर ठीक. रिकामी असेल तर पिल्लाला दाणा सापडलेला नाही. त्याला भरड्यावर नेऊन सोडा, बोटाने टकटक करा. पिशवी कडक लागली तर पाणी पाजा.