चोणक गरवायला निघण्याआधी

चोणक म्हणजे खाडीत मिळणारा मोठा शिकारी मासा. त्यासाठी सामान काढण्याआधी पंचांग पाहा. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला ३ वाजता भरती, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी). फाल्गुन वद्य चतुर्थी म्हणूनच सोयीची: उजाडल्यापासून नऊपर्यंत ओहोटी मिळते आणि पौर्णिमेच्या उधाणाचा जोर अजून टिकून असतो. अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत कमजोर भरती-ओहोटी, पाणी जेमतेम हलते, त्यापेक्षा झोप काढलेली बरी. हा हिशेब अंदाजाचा, तेव्हा गोव्यातल्या मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक पडताळा, आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) जितके आत जाल तितके पाणी उशिरा फिरते हे धरून चाला.

जागा मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारांच्या, बाहेरची. नदीचे पाणी उतरले की आतल्या दाबाने मानशीची दारे उघडतात, सुंगटे (कोळंबी) नि बारीक मासळी बाहेर वाहते, आणि चोणक धारेच्या कडेला संथ पाण्यात दबून राहतो. गरी फेसात न टाकता त्या कडेवर सोडायची. मात्र मानशीवरच्या मासळीचा हक्क पावणीत (लिलावात) गेलेला असतो. ज्याने घेतला आहे त्याला आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. जिवंत सुंगटेही त्याच्याकडेच मिळतील.

वीसेक सुंगटे पुरतात. १० लिटरच्या बादलीत त्याच खाडीचे पाणी, बॅटरीवरचा हवेचा पंप, वर ओले गोणपाट. नळाचे पाणी घातले तर सकाळी बादलीत मेलेलीच सापडतील. २/० ची गरी सुंगटाच्या कपाळावरच्या काट्याच्या बुडातून आडवी ओवा. मागे काळा ठिपका दिसतो त्याला टोक लागले की सुंगट जागीच मरते.

सात फुटी रॉड, ४००० चे रीळ, २० पौंडांचा ब्रेड (विणलेला दोर) आणि पुढे, गरीच्या बाजूला, हातभर ४० पौंडांचा नायलॉन लीडर. लीडरात कंजुषी नको, चोणकाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. गाठ थुंकीने ओली करूनच आवळा. कोरडी आवळलेली नायलॉनची गाठ घर्षणाने तापते आणि ऐन वेळी तिथेच तुटते. ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रिळातून दोर सुटेल ते ठरवणारा ब्रेक, घरीच लावा: दोराला २ लिटरची भरलेली बाटली बांधून रॉडने उचला, ती उचलली गेली पाहिजे, अर्ध्या लिटरची आणखी एक जोडली की दोर सुटू लागला पाहिजे. तांबसो (खाडीतला तांबडा मासा) अपेक्षित असेल तर थोडा आणखी आवळा, कारण तो पहिल्याच झटक्यात कांदळाच्या मुळांत शिरतो. चोणकाचे उलट, तो उडी मारून डोके झाडतो. त्या वेळी रॉडचे टोक खाली.

पक्कड हाताशी हवी, तिनेच गरीचा उलटा काटा आधी दाबून टाका. शिंगाळा (काटेरी, मिशाळ मासा) गरीला लागला तर त्याला हाताने धरू नका, काटा विषारी असतो. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, म्हणून थर्मासभर कढत पाणी सोबत असू द्या. रबरी तळव्याचे बूट, कारण दगडांवरची कालवे पाय चिरतात. टोपी आणि पाणी सांगायला नको.

मीटरभराचा चोणक आला तर तो बहुधा मादी असतो. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणून एवढा मोठा सोडून देणेच बरे. ओल्या हाताने पोटाखाली आधार द्या, नुसत्या जबड्याला लटकवू नका.

कुंभारजुव्याच्या कॅनालात मगरी आहेत. तिथे गरी अडकली तर दोर तोडा, पाण्यात उतरू नका.