गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, अर्ध्या तासाने सिग्नलला बंद पडते आणि बोनेट उघडं ठेवून चहा पिऊन आलं की पुन्हा सुरू? संशय इग्निशन कॉइलवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीचा दाब वाढवणाऱ्या भागावर घ्या. पण आधी डिस्ट्रिब्युटरचा (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) कंडेन्सर बदलून पाहा. तो स्वस्त असतो आणि बिघडला की बऱ्याचदा असाच छळतो.

कॉइल तपासायची ती गरम असतानाच. थंड कॉइल मीटरलाही फसवते. किल्ली बंद करून दोन्ही बारीक वायरी काढा आणि कॉइलच्या त्या दोन टोकांना ओहमवर ठेवलेला मल्टिमीटर लावा. बॅलास्ट (कॉइलच्या वाटेत वेगळा जोडलेला रेझिस्टर) नसलेल्या 12 व्होल्टच्या कॉइलला साधारण 3 ओहम दिसतात. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा कॉइलच्या अंगावर तेल पाझरलं असेल, तर ती गेली.

नवी बसवताना आधी बॅटरीची वायर सोडा. प्लसला किल्लीकडची वायर, मायनसला डिस्ट्रिब्युटरची. दुकानदाराने 1.5 ओहमची बॅलास्टवाली दिली तर परत करा, पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क, जळतील. आणि इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू करून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल नुसती शिजत राहते.