मधुमेही रुग्णाच्या तिन्ही धमन्यांत अडथळे निघाल्यास काय करावे?

अँजिओग्राफीत हृदयाच्या तिन्ही प्रमुख धमन्यांत अडथळे दिसले की पुष्कळदा नातेवाइकांना कॅथलॅबच्या दारातच विचारले जाते, "आत्ताच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकून घेऊ का?" हार्ट अटॅक चालू असेल, तर बंद पडलेली धमनी तातडीने उघडलीच पाहिजे. परंतु प्रकृती स्थिर असेल, तर तेथल्या तेथे होकार देऊ नये. अँजिओग्राफीची सीडी आणि टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट घेऊन हृदयशल्यविशारदाचेही मत घ्यावे.

मधुमेहात अडथळे बहुधा धमनीभर पसरलेले असतात. स्टेंट टाकला तेवढाच भाग उघडतो. बायपास शस्त्रक्रियेत मात्र शरीरातीलच दुसरी रक्तवाहिनी वापरून रक्ताची नवी वाट अडथळ्यांच्या पलीकडे जोडली जाते, त्यामुळे पुढे अलीकडच्या भागात नवा अडथळा झाला तरी रक्त पोहोचत राहते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' चाचणीत, एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेल्या 1,900 मधुमेही रुग्णांपैकी स्टेंटच्या गटात पाच वर्षांत 16.3 टक्के, तर बायपासच्या गटात 10.9 टक्के मृत्यू झाले. पक्षाघाताचे प्रमाण मात्र बायपासनंतर जास्त होते: 2.4 विरुद्ध 5.2 टक्के. त्यातील स्टेंट जुन्या पिढीचे होते, हा आक्षेप रास्त आहे; तरीही शस्त्रक्रिया झेपणार असेल, तर माझा कौल बायपासकडेच राहील. पूर्वी पक्षाघात झालेला, मूत्रपिंडे खालावलेली किंवा फार अशक्त झालेल्या रुग्णाबाबत हे गणित बदलू शकते.

छातीच्या आतली धमनी डाव्या बाजूच्या मुख्य पुढच्या धमनीला जोडणार का, हे शल्यविशारदांना अवश्य विचारावे. ही जोडणी पायातील शीर काढून केलेल्या जोडणीपेक्षा कितीतरी अधिक टिकते.

तयारीत गोळ्यांची यादी सर्वांत महत्त्वाची. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या सर्वसाधारणपणे शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवतात, कारण शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साचू शकते. क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी साधारण पाच दिवस आधी बंद होते. मात्र आधीचा स्टेंट असेल, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच थांबवू नये.

बायपासनंतरही स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी चालूच राहते; एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 55 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली ठेवावे. घरी आल्यावर खोकताना छातीचे हाड आतून 'कट' वाजल्यासारखे वाटले किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागले, तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे.